आम्हाला रात्री काही नको



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. मधे दुसऱ्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. आता अक्षरं स्वच्छ दिसतात आणि घासलेल्या भांड्यांवरचे डागही दिसतात, त्यामुळे आमच्याकडे कामाला येणारी बाई माझ्यावर जरा नाराज आहे. असो.

आज लिहायचं आहे ते रात्रीच्या जेवणाबद्दल. आधीच सांगते, सूर थोडा भांडणाचा आहे. भांडण सुनांशी नाही, मुलांशी नाही, आमच्याच वयाच्या मंडळींशी आहे. सत्तरी ओलांडलेल्या दोन माणसांच्या कुठल्याही घरात संध्याकाळी सातला जा आणि विचारा, आज रात्री काय? उत्तर ठरलेलं असतं. "आम्हाला रात्री काही नको. काहीतरी हलकं खाऊ."

छत्तीस वर्षं मी मुलांना शब्दांचे अर्थ शिकवले, पण या "हलकं" शब्दाचा अर्थ मला साठीनंतर कळला. हलकं म्हणजे चहा आणि दोन टोस्ट. हलकं म्हणजे सकाळची पोळी दुधात कुस्करून. मूठभर मुरमुरे. एखादं केळं. लोकांना आपण सांगतो की पचायला हलकं. खरा अर्थ आहे करायला हलकं! दोन माणसांसाठी पुन्हा कणीक भिजवा, भाजी चिरा, कुकर लावा, मग ती भांडी निस्तरा... नको वाटतं. मलाही वाटतं, खोटं कशाला बोलू? पण कंटाळा म्हणायची लाज वाटते, म्हणून त्याला पथ्य म्हणायचं.

माझं म्हणणं असं आहे की आमच्या वयात हे रात्रीचं हलकं खाणं माणसाला आतून पोखरतं, आणि आवाज न करता पोखरतं. त्याऐवजी आठवड्यातून दोन-तीनदा तरी एका कुकरात ज्वारीच्या कण्या आणि कोंबडी एकत्र शिजवावी, ताटलीत वाढून घ्यावी आणि नीट बसून जेवावं. ज्वारीच्या कण्या आणि चिकन! अर्ध्या मंडळींनी इथेच नाक मुरडलं असेल. शाकाहारी मंडळींनी लगेच उठून जाऊ नये, त्यांच्यासाठीही पुढे दोन शब्द आहेत.

पण आधी ताईची गोष्ट सांगते. नात्यातल्या लोकांना ती माहीत आहे, पण अर्धीच.

आमची ताई माझ्याहून नऊ वर्षांनी मोठी. भाऊजी गेल्यावर महालातल्या वाड्यात वरच्या दोन खोल्यांत एकटी राहायची. मुलगा बंगलोरला. मी रोज रात्री साडेआठला तिला फोन करायची.

"जेवली का ताई?"

"झालं बाप्पा माझं जेवण. तू काहून रोज विचारून राहिली?"

मी समाधानानं फोन ठेवायची. असं तीन वर्षं चाललं. २०१८ च्या डिसेंबरात ती न्हाणीत पडली आणि खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, चांगलं झालं. पण डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन जे विचारलं ते हाडाबद्दल नव्हतं. "या काय जेवतात?" मी म्हटलं, "जेवतात की, अगदी वेळेवर." ते म्हणाले, "मांड्यांवर, दंडावर स्नायूच उरलेला नाही हो. हाड आम्ही जोडलं, पण उभं राहायला अंगावर मांस लागतं. ते कुठून आणायचं?"

दुसऱ्या दिवशी तिचे कपडे आणायला मी वाड्यावर गेले. स्वयंपाकघर लख्ख होतं. इतकं लख्ख की मला धस्स झालं. ओट्यावर तेलाचा डाग नाही, गॅसभोवती हळदीचा कण नाही. तुरीच्या डाळीच्या डब्यात जाळं धरलेलं. पिठाला वास. आणि फडताळात टोस्टचे रिकामे पुडे, एकेक घडी करून रबर लावून ठेवलेले. ताई कधी काही फेकायची नाही. किती होते ते मी मोजले नाहीत, मोजवले नाहीत.

ताई माझ्याशी खोटं बोलत नव्हती. चहा-टोस्ट हे तिच्या लेखी जेवणच झालं होतं. मी तीन वर्षं "जेवली का" विचारत होते, "काय जेवली" हे एकदाही विचारलं नाही. जन्म प्रश्नपत्रिका काढण्यात गेला आणि घरच्या माणसाला विचारायचा प्रश्न मात्र चुकला.

आमच्या एका भाचीनं आहारशास्त्राचा अभ्यास केला आहे. तिनं मला कागदावर हिशेब करून दाखवला. हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था आहे ना, तिच्या २०२० च्या शिफारशींप्रमाणे मोठ्या माणसाला वजनाच्या दर किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनं हवीत. म्हणजे ६० किलोच्या माणसाला रोज साधारण ५० ग्रॅम. म्हातारपणी ही गरज कमी होते अशी माझी समजूत होती. तसं नाही. बरेच तज्ज्ञ तर वय झालेल्यांना थोडी जास्तच सांगतात, कारण अंगातला स्नायू वयाबरोबर आपोआप झडत जातो. आता दोन टोस्ट आणि अर्धा कप दुधाचा चहा, यात धरून धरून चार-पाच ग्रॅम. सकाळी पोहे, दुपारी पोळी, पातळ वरण आणि भाजी. बेरीज तुम्हीच करा. ताईची बेरीज मांडीवर दिसत होती.

ताई इस्पितळातून थेट आमच्याकडे आली. आता तिला द्यायचं काय? कवळी बोचायची, त्यामुळे पोळी चावेना, भाकर तर दूरच. तिखट चालेना. मी कोंबडीचं सूप करून दिलं, भांडंभर. भाचीनं ते पाहिलं आणि म्हणाली, "मावशी, हे चवीचं पाणी आहे गं. जे हवं आहे ते तू गाळणीत टाकून दिलंस." खरंच होतं. सूप पाजलं की आपल्याला वाटतं फार सेवा केली, पण प्रथिनं त्या चोथ्यात राहतात. मऊ, एका वाटीत मावणारं, चमच्यानं खाता येईल आणि तरी पूर्ण जेवण असेल असं काहीतरी हवं होतं. विचार करता करता मला आईच्या कण्या आठवल्या.

आमचं माहेर काटोल तालुक्यातलं. आता तिकडे बघावं तिकडे संत्र्याच्या बागा, पण माझ्या लहानपणी आमच्या शिवारात कपाशी आणि ज्वारी. तांदूळ पाहुण्यांचा आणि सणाचा. रोज भाकर, आणि संध्याकाळी बरेचदा कण्या. ज्वारीला पाण्याचा हात लावून उखळात कांडायची, कोंडा पाखडून टाकायचा, मग जात्यावर जाडसर भरडायची. चाळून पीठ वेगळं केलं की वर राहतात त्या कण्या. आई गाडग्यात ताक घालून त्या चुलीवर ठेवून द्यायची आणि बाकीची कामं करायची. वर लसणाची फोडणी. थंडीत त्या गाडग्याशी बसून खाल्लेल्या कण्यांची सर मला पुढे कशालाच आली नाही.

आणि तरी, अंगणात कोणाची चाहूल लागली की आई ते गाडगं घाईघाईनं कोपऱ्यात सरकवून त्यावर सूप झाकायची! (सूप म्हणजे पाखडायचं सूप, प्यायचं नव्हे.) कण्या खाणं म्हणजे गरिबी. घरी तांदूळ नाही हे पाहुण्याला कळता कामा नये. आम्हा बहिणींना तर ताकीदच होती, शाळेत विचारलं तर भात खाल्ला म्हणायचं.

त्यात भर पडली १९७२ च्या दुष्काळाची. मी तेव्हा नुकतीच बी. ए. झाले होते. रेशनवर अमेरिकेची तांबडी मिलो मिळायची. तिच्या भाकरीचा रंग आणि वास ज्यांनी अनुभवला त्या पिढीचं मन ज्वारीवरूनच उतरलं. त्याआधी १९६४ साली सीएसएच-१ ही पहिली संकरित ज्वारी आली होती. तिनं उत्पन्न वाढवलं हे नाकारायचं नाही, पण आमच्या घरी "हायब्रीडची भाकर" हे शब्द तोंड वाकडं करूनच उच्चारले जायचे. मग सोयाबीन आलं. बैल कमी झाले तसा कडबा लागेना. रानडुकरांचा त्रास वाढला. बघता बघता आमच्याकडच्या शेतांतून ज्वारी जवळजवळ दिसेनाशी झाली.

आणि आता गंमत बघा. संयुक्त राष्ट्रसंघानं २०२३ हे साल भरडधान्यांचं वर्ष म्हणून साजरं केलं, त्याच वर्षीच्या अर्थसंकल्पात त्यांना "श्रीअन्न" असं नाव मिळालं. मॉलमध्ये चकचकीत पुड्यांत कण्या विकायला आल्या, इंग्रजी नावानं. ज्या गाडग्यावर आई सूप झाकायची त्याच्या पुढे "श्री" लागलं. मला यात वाईट काही वाटत नाही, उशिरा का होईना मान मिळाला. फक्त त्या पुड्या घेऊ नका. दुकानातून चांगली पांढरी ज्वारी घ्या, निवडा आणि चक्कीवर जाऊन जाडसर भरडून आणा.

मी पहिल्यांदा गेले तेव्हा चक्कीवरचा पोरगा म्हणाला, "काकू, कोंबड्या पाळल्या का तुम्ही? त्याईच्यासाठी पाहिजे का?" मी म्हटलं, "कोंबड्यांसाठी नाही रे, कोंबडीसोबत!" त्याला काही उमगलं नाही. पण तेव्हापासून मी दिसले की तो स्वतःच दगड सैल करतो.

आता ज्वारीचं फार कौतुक ऐकून कोणी तीच एकटी खायला लागेल, म्हणून मास्तरीणबाईंचा एक जुना धडा. ज्वारी एकटीनं पुरत नाही. दख्खनच्या पठारावर जे गोरगरीब ज्वारीशिवाय दुसरं फारसं काही खाऊ शकत नव्हते, त्यांच्यात पेलाग्रा नावाचा रोग आढळायचा. उन्हात उघडी राहणारी कातडी काळवंडायची, फाटायची, पुढे डोक्यावरही परिणाम व्हायचा. हा रोग नायासिन या जीवनसत्त्वाच्या अभावाचा. हैदराबादला डॉ. सी. गोपालन आणि डॉ. श्रीकांतिया यांनी १९६० साली ज्वारीतल्या ल्युसिनशी त्याचा संबंध मांडला. त्यावर शास्त्रज्ञांत पुढे बरेच वाद झाले, ते माझ्या आवाक्याबाहेरचे आहेत. पण मथितार्थ आपल्यासाठी सोपा आहे, ज्वारीला सोबत हवी. तिच्या प्रथिनांत लायसिन कमी, ते डाळीत आणि मांसात भरपूर. नायासिन चिकनमध्ये चांगलं असतं. आई कण्यांत ताक घालायची ते चवीसाठी, पण सोबत द्यायची हे खरं.

मग ही सोबत आमच्या आयांना का सुचली नाही? घरात कोंबड्या फिरत होत्या की! त्याचं कारण भांडं. आमच्या घरी कोंबडीचा गंज वेगळा, पळी वेगळी, चूलसुद्धा वेगळी, अंगणात तीन दगड मांडून. आई तिथे यायचीच नाही. बाबा आणि काका शिजवायचे, दुपारभर, चारचौघांना बोलावून. शिवाय वार पाळायचे. सोमवार नाही, गुरुवार नाही, शनिवार नाही, चतुर्थी नाही, अख्खा श्रावण नाही. मग पोळ्याच्या कराला जी झुंबड उडते! त्या दिवशी नागपुरात मटणाच्या दुकानांपुढच्या रांगा आजही बघून घ्या.

यामुळे झालं असं की मांसाहार आमच्याकडे कायम उत्सव राहिला. कधीतरी, आणि मग भरपूर, तिखटजाळ, वर बोटभर तर्री. कोंबडी वरणासारखी साधी, रोजच्यातली कधी झालीच नाही. सावजी हे त्याचं शिखर. हलबा कोष्टी विणकरांच्या घरातली ती चव, पुढे खानावळींतून सगळ्या शहराची झाली आणि आता बाहेरगावच्या लोकांना वाटतं आम्ही नागपूरकर सकाळ-संध्याकाळ तेच खातो. मला सावजी आवडतं, अजून आवडतं. पण सत्तरीत रात्री नऊला सावजी चिकन खाऊन मग रात्रभर आरामखुर्चीत बसून राहायचं, हा प्रयोग आमच्या घरी झालेला आहे. (ते हे वाचणार आहेत म्हणून नाव घेत नाही.)

तर आमच्यापुढे वाटा दोनच, एकतर तर्री, नाहीतर टोस्ट. एक सोसत नाही म्हणून दुसरं. या दोघांच्या मधे एक मोठं रिकामं मैदान आहे आणि तिथे कोणी जातच नाही, हे माझं खरं दुखणं आहे. डॉक्टरांनी "तिखट-तेलकट बंद" म्हटलं की आम्ही कोंबडीच बंद करून टाकतो! त्यांनी कोंबडी बंद करायला सांगितलेलंच नसतं.

आता कृती. वाटीचं माप माझ्या घरचं आहे, तुमची वाटी मोठी असेल तर डोकं वापरा.

दोघांसाठी पाऊण वाटी कण्या, म्हणजे शंभरेक ग्रॅम, आणि मूठभर मूगडाळ, दुपारच्या चहाच्या वेळी धुऊन भिजत घालायची. दोन-तीन तास भिजल्या की काम सोपं होतं. विसरलात तर गरम पाण्यात तासभर. कोंबडी तीनशे ग्रॅम, हाडासकट, कातडी काढलेली. कुकरात दोन चमचे तेल, जिरं, एक तमालपत्र, चार मिरे, बारीक चिरलेला कांदा. कांदा तांबूस व्हायची वाट बघायची नाही, मऊ झाला की पुरे. आलं-लसूण ठेचून, हळद, धने-जिऱ्याची पूड. मग चिकन टाकून पांढरं होईपर्यंत परतायचं. हाताशी असेल ती भाजी टाका, गाजर, दुधी, मूठभर मेथी. आमच्याकडे चिमूटभर सावजी मसालाही पडतो, चिमूटभरच, नाहीतर आमचे हे ताटाकडे बघत नाहीत. मग कण्या, डाळ, मीठ आणि साडेचार वाट्या गरम पाणी.

इथून पुढे लक्ष द्या, कारण मी इथे दोनदा कुकर जाळला आहे. उकळी येईपर्यंत ढवळत राहायचं. कण्या तळाशी बसतात आणि तिथेच चिकटतात. उकळी आल्यावरच झाकण लावायचं. कुकर अर्ध्याच्या वर भरायचा नाही, कण्या फसफसून वर येतात आणि शिटीचं भोक बुजतं. एक शिटी मोठ्या आचेवर, मग गॅस बारीक करून पंधरा मिनिटं. त्या वेळात मी उद्याची भाजी निवडते किंवा बातम्या ऐकते. वाफ आपोआप जिरू द्यायची, घाई नको. टोमॅटो किंवा दही आधी घालू नका, आंबटानं दाणा लवकर मऊ होत नाही. लिंबू शेवटी पिळायचं, वर सांबार (पुण्याच्या मंडळींनो, आमच्याकडे सांबार म्हणजे कोथिंबीर!) आणि अर्धा चमचा तूप. गावरान कोंबडी असेल तर ती आधी एकटीच दोन-तीन शिट्या काढून घ्या, नाहीतर कण्यांची खळ होते आणि कोंबडी तशीच वातड राहते.

आणि सगळ्यात महत्त्वाचं. वाढायच्या आधी सगळी हाडं काढून, मोजून बाजूला ठेवायची आणि मांस बोटांनी तोडून परत मिसळायचं. किती तुकडे टाकले होते आणि किती हाडं निघाली याचा मेळ बसलाच पाहिजे. म्हाताऱ्या माणसाच्या घशात बारीक हाड जाणं ही थट्टा नाही. मी चष्मा लावून, दिव्याखाली ताटली धरून काढते.

भाचीच्या हिशेबानं यात कण्यांची दहा ग्रॅम, डाळीची सात आणि कोंबडीची चाळीसेक ग्रॅम प्रथिनं येतात. दोघांत वाटली तर प्रत्येकी अठ्ठावीसच्या आसपास. दिवसाच्या गरजेतली अर्ध्याहून जास्त एका ताटलीत, आणि घासायला भांडं एकच! उरलं तर फ्रीजमध्ये दगडासारखं घट्ट होतं, दुसऱ्या दिवशी गरम पाणी घालून नीट उकळून घ्यायचं. मे महिन्यात पारा पंचेचाळीसला असताना ओट्यावर रात्रभर ठेवून सकाळी खाऊ, असलं शहाणपण करू नका.

हे काही मी शोधून काढलेलं नाही. मोमिनपुऱ्यात राहणाऱ्या माझ्या एका सहकारी बाई मोहरमच्या दिवसांत शाळेत डबा भरून खिचडा आणायच्या. गहू, डाळी आणि मटण, रात्रभर शिजवून घोटलेलं. आम्ही बायका स्टाफरूममध्ये बोटं चाटायचो आणि घरी येऊन मात्र भात-वरणच लावायचो. आईन-ए-अकबरीत अबुल फजलनं मांस आणि धान्य एकत्र शिजवलेल्या पदार्थांचा वेगळा गटच सांगितला आहे, त्यात हलीम आहे, हरीसा आहे. तुर्कस्तानात गहू आणि मांसाचं केशकेक लग्नात अख्खं गाव मिळून घोटतं, २०११ साली युनेस्कोनं त्याला वारसा म्हणून मान दिला. २०२३ मध्ये अरबांच्या हरीसालाही तो मिळाला. आणि आपण त्याला आजाऱ्याचं जेवण म्हणतो.

"आजाऱ्याचं जेवण" हे आमच्या ह्यांचे शब्द. पहिल्या दिवशी ताटली पुढे ठेवली तर म्हणाले, "अगं, ही काय कोंबडीची खिचडी? मला ताप आला आहे का?" त्यांना अजूनही ज्वारीची भाकर आणि रस्सा वेगवेगळे हवे असतात. मी म्हणते, पोटात गेल्यावर काय वेगळे राहणार आहेत? यावर त्यांच्याकडे उत्तर नाही, पण त्यांचं मतही बदललेलं नाही. शेजारच्या वहिनी वेगळंच म्हणाल्या. त्यांच्या मते या वयात मांसाहार सोडून देऊन नामस्मरणाला लागावं. श्रद्धेनं सोडणाऱ्यांना माझा नमस्कार आहे, खरंच आहे. पण मग कोंबडीच्या जागी काहीतरी ठेवायला हवं की नाही? कण्यांत मूगडाळ दुप्पट करा, वरून पनीर कुस्करा, भिजवलेल्या सोयाबीनच्या वड्या टाका, ताकातल्या कण्या करून सोबत वाटीभर दही घ्या. सोडायचं आणि जागा रिकामी ठेवायची, हे मला पटत नाही. आणि ज्यांना मूत्रपिंडाचा त्रास आहे त्यांनी मात्र माझं ऐकू नये, आधी आपल्या डॉक्टरांना विचारावं. त्यांचा प्रथिनांचा हिशेब वेगळा असतो.

ताईला मी हे पहिल्यांदा दिलं ते २०१९ च्या जानेवारीत. थंडी होती, पलंगावर उशीला टेकून बसली होती. काय आहे ते मी सांगितलं नाही. तिनं एक चमचा घेतला, बराच वेळ तोंडात घोळवला. मग माझ्याकडे बघून म्हणाली, "कण्या आहेत ना गं?" मी मान हलवली. आणखी दोन चमचे झाले. मग अगदी आईच्या आवाजात म्हणाली, "दार लोटून घे. कोणी येईन." आम्ही दोघी इतक्या हसलो की आमचे हे आतून बघायला आले काय झालं म्हणून.

सगळं काही या कण्यांनी केलं असं मी म्हणणार नाही. व्यायाम शिकवणाऱ्या मुलीनं रोज येऊन तिला रडवून रडवून उभं केलं, औषधं होती, इंजेक्शनं होती. पण उन्हाळ्यापर्यंत ताई वॉकर धरून अंगणातल्या कडुनिंबापर्यंत जायला लागली. आमच्याकडे अडीच वर्षं राहिली. २०२१ च्या पावसाळ्यात गेली, झोपेत. आदल्या रात्री जेवली होती. काय जेवली होती ते या वेळी मला माहीत होतं.

परवा अमरावतीच्या माझ्या दिरांना फोन केला होता. वय एक्याऐंशी, जाऊबाई गेल्यापासून एकटे. "जेवण झालं का भाऊजी?" "हो वहिनी, झालं. रात्री आपल्याला काही लागत नाही." मी म्हटलं, काय जेवलात? थोडा वेळ शांतता. मग म्हणाले, "दूध घेतलं." मी म्हटलं, आणखी? "बिस्किटं होती दोन-चार." मी म्हटलं, फ्रीज उघडा आणि आत काय काय आहे ते मला वाचून दाखवा. त्यांना राग आला बहुतेक, पण मोठ्या वहिनीचं ऐकावं लागतं, उघडला. दुधाची पिशवी, लोणचं, अर्धं लिंबू, आणि कोणीतरी आणून दिलेल्या मिठाईचा डबा.

रविवारी आम्ही दोघं सकाळच्या गाडीनं अमरावतीला जातो आहोत. दोन किलो कण्या काल भरडून आणल्या, पिशवी दाराशीच ठेवली आहे. कुकर त्यांच्याकडे आहे, पण त्याचं रबर धड असेल याची मला खात्री नाही, तेव्हा आज संध्याकाळी इतवारीत जाऊन एक नवं रबर घ्यायचं आहे.